लँकेशरचे पगारी पाहुणे

अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलच्या सगळ्यात वरच्या पातळीवर साडेतीनशेच्या आसपास संघ खेळतात. प्रत्येक संघात डझनभर पोरं. त्यातल्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एनबीए असते, आणि एनबीएच्या ड्राफ्टमध्ये वर्षाला दोन फेऱ्या मिळून साधारण ६० नावं पुकारली जातात. त्या नावांतही काही थेट युरोपातली असतात. मग उरलेली हजारो पोरं कुठे जातात? बरीच जण खेळ सोडून नोकरीला लागतात. काही जण मात्र बॅग भरतात आणि तुर्कस्तान, लिथुआनिया, इस्रायल, जपान, तैवान असं जिथे कुणी विचारेल तिथे जातात.

सिम भुल्लर हा त्यांतलाच एक. कॅनडात वाढलेला, पंजाबी आईबापांचा, साडेसात फुटांच्या आसपास उंचीचा मुलगा. न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठाकडून त्याने कॉलेज गाजवलं. एप्रिल २०१५ मध्ये तो सॅक्रामेंटो किंग्जकडून एनबीएत उतरला आणि भारतीय वंशाचा पहिला एनबीए खेळाडू ठरला. तिथे त्याला मोजून तीन सामने मिळाले. पुढची बरीच कारकीर्द त्याने तैवानमध्ये केली.

अशा खेळाडूला त्या धंद्यात 'इम्पोर्ट' म्हणतात, म्हणजे सरळ आयात माल. बहुतेक देशांत आयातीवर मर्यादा असते. फिलिपिन्सच्या व्यावसायिक लीगमध्ये ठरावीक स्पर्धांत एका संघाला एकच इम्पोर्ट घेता येतो. अख्ख्या संघाचा भार त्या एकट्यावर. तो चालला तर गाव डोक्यावर घेतं, नाही चालला तर तिकीट काढून परत.

हे सगळं आपल्यापासून फार लांबचं वाटतं. पण ही गोष्ट मराठी मुलखातल्या खेळाडूंनी ७०-७५ वर्षांपूर्वी जगून झालेली आहे, फक्त खेळ वेगळा होता. सांगलीचा, कोल्हापूरचा, मुंबईचा खेळाडू बोटीत बसून इंग्लंडच्या उत्तरेला एका गिरणगावात जायचा आणि दर शनिवारी त्या गावाचा एकुलता एक पगारी क्रिकेटपटू म्हणून मैदानात उतरायचा. विजय हजारे, दत्तू फडकर, विनू मंकड, सुभाष गुप्ते ही नावं आपण कसोटीच्या आकड्यांसाठी लक्षात ठेवतो. त्यांच्या पोटापाण्याचा इतिहास मात्र बराचसा लँकेशरमध्ये लिहिला गेला.

चौदा गावं, एकेक पाहुणा

लँकेशर लीग ही स्पर्धा १८९२ साली सुरू झाली. विसाव्या शतकात बराच काळ तिच्यात चौदा क्लब होते: नेल्सन, बर्नली, ॲक्रिंग्टन, हॅस्लिंग्डन, रॉटनस्टॉल, बेकप, रिश्टन, टॉडमॉर्डन वगैरे. ही सगळी गावं एकमेकांपासून हाकेच्या नाही तरी बसच्या एका तिकिटाच्या अंतरावर.

डोळ्यांसमोर आणायचं तर आपला जालना जिल्हा घ्या. तालुके आठ: जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा. समजा प्रत्येक तालुक्याचा एक क्रिकेट संघ आहे. संघातले दहा जण स्थानिक: कुणी सळईच्या कारखान्यात, कुणी मोंढ्यात, कुणी बी-बियाण्यांच्या कंपनीत, कुणी शाळेत मास्तर. हे दहा जण फुकट खेळतात. अकरावा मात्र पगारी, आणि तो जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक. उद्या परतूरने वेस्ट इंडीजचा फलंदाज आणला, तर अंबड ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज शोधायला लागणार. शनिवारी दुपारी अंबड विरुद्ध परतूर सामना असेल तर दोन्ही बाजारपेठा ओस. लँकेशर लीग नेमकी अशी होती.

पैसा यायचा कुठून? तिकिटांतून, क्लबच्या वर्गणीतून, चहाच्या स्टॉलमधून, सोडतींतून. शिवाय एक सुंदर प्रथा होती. पगारी खेळाडूने अर्धशतक केलं किंवा ठरावीक विकेट काढल्या की मैदानाभोवती पेटी फिरायची आणि लोक आपल्या खिशातली नाणी तिच्यात टाकायचे. गिरणीत आठवडाभर राबलेला माणूस ते नाणं टाकायचा. दाद आणि मजुरी एकाच पेटीतून मिळायची.

बदल्यात अपेक्षाही रोख होत्या. तुम्ही धावा करायच्या आणि विकेटही काढायच्या. आठवड्यातल्या संध्याकाळी क्लबच्या पोरांना शिकवायचं. खेळपट्टी बऱ्याचदा ओली, आकाश ढगाळ, आणि तुमच्या गोलंदाजीवर झेल सोडणारा माणूस सोमवारी सकाळी मागावर उभा राहणारा विणकर. त्याच्यावर चिडायची सोय नाही, कारण तुमचा पगार त्याच्याच क्लबमधून निघतो.

या लीगला जगाच्या नकाशावर आणलं ते त्रिनिदादच्या लिअरी कॉन्स्टंटाइनने. १९२९ साली नेल्सनने त्याला घेतलं. हंगामाचे सुमारे ५०० पौंड, वर बोनस. त्या काळच्या बहुतेक कौंटी खेळाडूंना स्वप्नातही न दिसणारी ही रक्कम. तो नऊ हंगाम खेळला आणि त्यांतले सात नेल्सनने जिंकले. गुलामगिरीत जन्मलेल्यांचा हा वंशज ज्या गावात गेला तिथे काळा माणूस पाहिलेले लोक फार थोडे होते. चाळीस वर्षांनी, १९६९ मध्ये, तो ब्रिटिश संसदेच्या वरच्या सभागृहात बसणारा पहिला कृष्णवर्णीय लॉर्ड झाला.

कॉन्स्टंटाइनमुळे दार उघडलं आणि त्यातून भारतीयही आत शिरले. राजकोटचे अमर सिंग १९३० च्या दशकात कोल्न क्लबकडून खेळले. कॉन्स्टंटाइन गेल्यावर नेल्सनने लाला अमरनाथांना घेतलं.

आधी गेला कापूस

लँकेशर आणि आपलं नातं मात्र क्रिकेटच्या खूप आधीचं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिथला कापूस येईनासा झाला. लँकेशरच्या गिरण्या बंद पडायला लागल्या. मग वऱ्हाड, खानदेश, गुजरात इथला कापूस बोटी भरभरून तिकडे गेला. आपला कापूस आखूड धाग्याचा. मागावर सारखा तुटायचा. तिथल्या कामगारांनी त्याला यथेच्छ शिव्या घातल्या. इकडे मात्र त्या चार-पाच वर्षांत कापसाला सोन्याचा भाव आला. पुढे विसाव्या शतकाच्या तोंडावर हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची रेल्वे जालन्यावरून गेली, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले आणि मराठवाड्याचा कापूसही मुंबईच्या वाटेला लागला.

मग चाक उलटं फिरलं. मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या वाढल्या, स्वदेशीची चळवळ आली, परदेशी कापडाच्या होळ्या झाल्या. लँकेशरमध्ये बेकारी पसरली. सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडला गेले तेव्हा मुद्दाम लँकेशरला गेले, डार्विनच्या परिसरात राहिले आणि बहिष्काराची झळ बसलेल्या कामगारांना भेटले.

मंदी, बेकारी, बंद पडणाऱ्या गिरण्या, आणि तरी त्याच काळात ही गावं वर्गणी काढून दूरदेशीचा खेळाडू आणत होती. शनिवारची ती दुपार त्यांच्या लेखी चैन नव्हती. आठवड्यात अभिमानाने बघावं असं गावाकडे जे थोडंफार उरलं होतं, त्यात ती होती. या लोकांनी आपल्या खेळाडूंना दिलेला पैसा कुठल्या राजवाड्यातून आलेला नव्हता, हे पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवायला हवं.

सांगलीचे हजारे

भारतात तेव्हा क्रिकेटवर जगायचं कसं? एक तर घरचं असावं लागे, नाहीतर एखादा राजा पाठीशी असावा लागे. विजय हजारे यांच्यासाठी तो दुसरा रस्ता होता. ११ मार्च १९१५ रोजी सांगलीत, एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. अबोल, सरळ, देवभीरू माणूस. खेळ त्यांना बडोदा संस्थानच्या नोकरीत घेऊन गेला.

त्यांच्या धावांचे डोंगर आजही चक्रावून टाकतात. १९४३ च्या पंचरंगी सामन्यात 'रेस्ट' संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजारेंच्या. १९४७ मध्ये रणजी अंतिम सामन्यात गुल महंमदबरोबर ५७७ धावांची भागीदारी. हा जागतिक विक्रम २००६ पर्यंत टिकला. जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेडला ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध दोन्ही डावांत शतकं, ११६ आणि १४५. असं करणारे ते पहिले भारतीय.

आणि एवढं करूनही भारतीय क्रिकेट त्यांना जगण्यापुरतं काही देत नव्हतं. कसोटी खेळणं हा सन्मान मानला जाई, मानधन नावापुरतं. १९४८-४९ मध्ये संस्थानं एकेक करून विलीन होत गेली. १ मे १९४९ ला बडोदा मुंबई प्रांतात विलीन झालं. देशासाठी ते योग्यच होतं. पण क्रिकेटपटूंच्या बाबतीत, त्यांना पोसणारी एक व्यवस्था संपली आणि तिची जागा घेणारी दुसरी अजून तयार नव्हती.

त्याच सुमारास हजारे रॉटनस्टॉलला गेले. रॉसेनडेलच्या खोऱ्यातलं हे गाव; कापड आणि घरात घालायच्या सपाता बनवणारा टापू. युद्ध संपून चार वर्षं झाली होती, तरी ब्रिटनमध्ये रेशनिंग चालू होतं. मांसावरचं रेशनिंग तर जुलै १९५४ पर्यंत उठलं नाही. मुंबईहून बोटीने जायला दोन-तीन आठवडे. एअर इंडियाचं लंडनचं विमान जून १९४८ मध्ये सुरू झालं होतं, पण ते सामान्यांच्या खिशासाठी नव्हतं.

आपल्या पिढीत कंपनीने 'ऑनसाइट' पाठवलं की सोबत व्हिसा, विमा, हॉटेल आणि रोजचा व्हिडिओ कॉल येतो. तिशी ओलांडलेले हजारे गेले ते अशा गावात, जिथे त्यांच्या खेळाची कीर्ती पोचलेली होती पण त्यांची भाषा बोलणारं कुणी मिळणं अवघड. तरी एक गोष्ट तिथे होती जी मायदेशात नव्हती: कागदावर लिहिलेली किंमत. किती सामने, किती पौंड, किती धावांना पेटी फिरणार, हे आधी ठरलेलं. कुणा राजाची मर्जी नाही, कुणा पदाधिकाऱ्याची मेहेरबानी नाही.

कोल्हापुरात जन्मलेले अष्टपैलू दत्तू फडकरही याच वाटेने गेले आणि कॉन्स्टंटाइनच्या नेल्सनकडून खेळले. आणि मग आलं १९५२, ज्या वर्षी ही दोन जगं एकमेकांवर आदळली.

हमी मागणारा माणूस

फेब्रुवारी १९५२. मद्रासला भारताने इंग्लंडला हरवलं. कसोटी क्रिकेटमध्ये वीस वर्षं वाट पाहिल्यावर मिळालेला हा पहिला विजय. कर्णधार हजारे. विजयाचा शिल्पकार विनू मंकड: पहिल्या डावात ५५ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात ५३ धावांत ४ विकेट. मंकड मूळचे जामनगरचे, त्या सुमारास मुंबईकडून खेळणारे.

त्याच उन्हाळ्यात भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर जाणार होता. मंकडना हॅस्लिंग्डन क्लबने व्यावसायिक म्हणून बोलावलं होतं. हॅस्लिंग्डन म्हणजे रॉटनस्टॉलच्या शेजारचंच गाव. मंकडनी मंडळाला साधा प्रश्न विचारला: दौऱ्यासाठी माझी निवड होईल, अशी हमी देता का? देत असाल तर मी क्लबला नाही म्हणतो.

मंडळाने हमी दिली नाही. अशी हमी कुणालाच देता येत नाही, ही भूमिका. ऐकायला ती तत्त्वाची वाटते. पण बारा विकेट घेऊन देशाला पहिला विजय मिळवून देणारा माणूस समोर उभा होता, आणि त्याला सांगितलं जात होतं की हातातला पगार सोड, पुढचं नंतर बघू. मंकडनी हॅस्लिंग्डनच्या करारावर सही केली.

५ जूनला लीड्सला पहिली कसोटी सुरू झाली. दुसऱ्या डावात भारताचा धावफलक काय होता ते आजही वाचवत नाही: शून्य धावा, चार बाद. फ्रेड ट्रूमन नावाचा पोरगा पहिलीच कसोटी खेळत होता आणि चारपैकी तीन विकेट त्याच्या होत्या. पुढे ५ बाद २६ अशा अवस्थेत डाव सावरला तो दोघांनी, हजारे आणि फडकर. दोघांनी १०५ जोडल्या. रॉटनस्टॉलमध्ये पावसाळी शनिवारी ओल्या खेळपट्टीवर उभं राहायची सवय असलेला कर्णधार त्या दिवशी उभा राहिला. सामना तरी हातचा गेलाच.

आता मंडळाला मंकड आठवले. दौऱ्यावरचा भारतीय संघ लँकेशरमधल्या एका गिरणगावाच्या क्लबकडे गेला: तुमचा माणूस आम्हाला द्याल का? हॅस्लिंग्डनने उरलेल्या तीन कसोटींसाठी त्यांना सोडलं. एका देशाने आपला सर्वोत्तम क्रिकेटपटू दुसऱ्या देशातल्या गावाकडून मागून आणला, असा तो प्रसंग होता.

१९ जूनला लॉर्ड्सवर मंकडनी सलामीला येऊन ७२ धावा केल्या. मग इंग्लंडच्या डावात ७३ षटकं टाकली, १९६ धावांत ५ बळी. मग परत सलामीला येऊन १८४. त्या डावात तिसऱ्या विकेटसाठी त्यांनी आणि हजारेंनी २११ धावा जोडल्या. हॅस्लिंग्डनचा पगारी खेळाडू आणि रॉटनस्टॉलचा माजी पगारी खेळाडू, लॉर्ड्सवर भारतासाठी एकत्र. शेवटच्या डावात मंकडनी आणखी २४ षटकं टाकली. इंग्लंड आठ गडी राखून जिंकलं, पण तो सामना इतिहासात 'मंकडची कसोटी' म्हणूनच ओळखला जातो.

म्हणून पगारी माणूस आला आणि सगळं बदललं, असंही झालं नाही. पुढच्याच कसोटीत, मँचेस्टरला, भारत एका दिवसात दोनदा बाद झाला: ५८ आणि ८२. मंकड त्या संघातही होते. एका करारातून संघ उभा राहत नाही. पण खेळाडूचा खेळ आणि त्याचं पोट या दोन गोष्टी एकमेकांपासून तोडता येत नाहीत, एवढं त्या उन्हाळ्याने दाखवलं. मंकडनी हमी मागितली ती पैशाच्या लोभाने, असं तेव्हा म्हणणं सोपं होतं. आज कुठलाही पोरगा ऑफर लेटर हातात पडल्याशिवाय जुनी नोकरी सोडत नाही, आणि आपण त्याला शहाणा म्हणतो.

गुप्त्यांचा लांबचा प्रवास

१९५२ च्या दौऱ्यावर सुभाष गुप्ते नव्हते. मुंबईत ११ डिसेंबर १९२९ रोजी जन्मलेला हा लेगस्पिनर खरा चमकला तो लगेच पुढच्या वेस्ट इंडीज दौऱ्यात, १९५३ मध्ये. वॉरेल, वीक्स आणि वॉलकॉट या तिघांच्या समोर, त्यांच्या घरच्या खेळपट्ट्यांवर, पाच कसोटींत २७ बळी. गॅरी सोबर्स आयुष्यभर सांगत राहिले की त्यांनी पाहिलेला सर्वश्रेष्ठ लेगस्पिनर गुप्तेच.

पण ती मालिका संपली एप्रिल १९५३ मध्ये, आणि भारताची पुढची अधिकृत कसोटी झाली जानेवारी १९५५ मध्ये. पुढे १९५६ चा नोव्हेंबर ते १९५८ चा नोव्हेंबर अशी पुन्हा दोन वर्षांची पोकळी. जगातल्या सर्वोत्तम लेगस्पिनरने ही वर्षं काय करायचं? गुप्त्यांनी लँकेशर गाठलं आणि रिश्टनकडून खेळले. त्याच दशकात जवळच्या बेकपकडून एव्हर्टन वीक्स खेळत होते. जी झुंज बघायला पोर्ट ऑफ स्पेनच्या लोकांनी कसोटीची तिकिटं काढली, तसली झुंज लँकेशरच्या विणकराला शनिवारी चालत जाऊन बघता येत होती.

मधल्या काळात भारतासाठी जे सामने मिळाले त्यांत गुप्त्यांनी काही बाकी ठेवलं नाही. १९५५-५६ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध मालिकेत ३४ बळी. डिसेंबर १९५८ मध्ये कानपूरला वेस्ट इंडीजच्या एका डावात १०२ धावांत ९.

शेवट झाला डिसेंबर १९६१ मध्ये, इंग्लंडविरुद्धच्या दिल्ली कसोटीच्या वेळी. गुप्ते ज्या हॉटेलात उतरले होते तिथल्या रिसेप्शनिस्टला त्यांच्या खोलीतून फोन गेला आणि तिने तक्रार केली. फोन केला होता खोलीतल्या दुसऱ्या खेळाडूने. कारवाई दोघांवर झाली. गुप्त्यांचा दोष एवढाच की ते त्याच खोलीत राहत होते. १९६२ च्या सुरुवातीला भारतीय संघ वेस्ट इंडीजला गेला तो त्यांना न घेता, आणि पाचही कसोटी हरून परतला. गुप्ते पुन्हा भारताकडून खेळले नाहीत. ३६ कसोटी, १४९ बळी, वय ३२.

त्यांची पत्नी कॅरोल त्रिनिदादची. १९५३ च्या दौऱ्यातच त्यांची ओळख झाली होती. गुप्ते त्रिनिदादला स्थायिक झाले आणि ३१ मे २००२ रोजी पोर्ट ऑफ स्पेनला वारले. बाहेरच्या जगाने त्यांना शनिवारी पगार दिला, संसार दिला, आणि शेवटी घरही दिलं. ज्या देशासाठी त्यांनी चेंडू वळवला त्या देशाने एका फोनचा हिशेब मांडला.

कॉलेजचा हिरो, नोकरीचा कोटा

या पिढीनंतर आपल्याकडे दुसरी व्यवस्था तयार झाली. विद्यापीठांमधली रोहिंटन बारिया स्पर्धा १९३५ पासून चालू होती. मुंबईची कॉलेजं म्हणजे क्रिकेटची कार्यशाळा. अजित वाडेकरांनी विद्यापीठ सामन्यात ३२४ धावा केल्या; पुढे सुनील गावसकरांनी ३२७ करून तो विक्रम मोडला. कॉलेजात चमकलेल्या खेळाडूला आता स्टेट बँक, टाटा, रेल्वे, असोसिएटेड सिमेंट असं कुणीतरी नोकरी द्यायचं. हजेरी लावायची आणि कंपनीसाठी टाइम्स शील्ड खेळायची. राजा गेला, त्याच्या जागी पर्सोनेल मॅनेजर आला. या नोकऱ्यांनी हजारो घरं उभी केली, हे नाकारता येणार नाही.

परदेशचा रस्ता पूर्ण बंदही झाला नाही. १९६८ साली इंग्लिश कौंटींना परदेशी खेळाडू थेट घेता येऊ लागले, आणि मुंबईचे फारुख इंजिनियर लँकेशर कौंटीकडून खेळायला लागले. गावसकर १९८० मध्ये सॉमरसेटला गेले. यॉर्कशरने तर १९९२ मध्ये आपल्याच भूमीत जन्मलेल्यांना घ्यायची जुनी परंपरा मोडून १९ वर्षांच्या सचिन तेंडुलकरला पहिला परदेशी खेळाडू म्हणून आणलं. त्या हंगामात त्याने १०७० धावा केल्या. अहमदनगर जिल्ह्यात जन्मलेला अजिंक्य रहाणे २०१९ मध्ये हॅम्पशरकडून पहिल्याच सामन्यात शतक ठोकून आला.

पण ज्या खेळांत आयपीएल नाही, तिथे आजही १९४९ च चालू आहे. बास्केटबॉलमध्ये केरळच्या गीतू ॲना जोसचं उदाहरण घ्या. चंगनाश्शेरीच्या असम्प्शन कॉलेजात ती घडली, मग दक्षिण रेल्वेत नोकरी. २००६ ते २००८ या काळात ती ऑस्ट्रेलियातल्या रिंगवूड हॉक्सकडून खेळली. ऑस्ट्रेलियन क्लबकडून खेळणारी ती पहिली भारतीय स्त्री. २०११ मध्ये अमेरिकेच्या डब्ल्यूएनबीएतल्या तीन संघांनी तिची चाचणी घेतली. तेव्हा त्या लीगमध्ये संघ १२ आणि दर संघात जागा ११, म्हणजे सगळ्या जगासाठी १३२ नोकऱ्या. तिला करार मिळाला नाही. तिच्यानंतर २०१७ मध्ये पंजाबचा अमृतपाल सिंग सिडनी किंग्जकडून खेळला. दोघांच्याही मागे मंकडांचाच प्रश्न उभा होता: इथली पक्की नोकरी धरायची, की तिथला एका हंगामाचा करार?

आज शनिवार कुणाचा?

आज आपणच लँकेशर झालो आहोत. आयपीएलमध्ये अकरांत चार परदेशी, हा नियम म्हणजे त्याच जुन्या इम्पोर्ट मर्यादेचं श्रीमंत रूप. त्रिनिदादचा, बार्बाडोसचा पोरगा दोन महिन्यांसाठी इथे येतो आणि घर बांधून जातो.

उलट दिशेला मात्र फाटक आहे. भारतीय पुरुष खेळाडूला परदेशी टी-२० लीग खेळायची असेल तर आधी भारतीय क्रिकेटमधून निवृत्त व्हावं लागतं. दिनेश कार्तिक २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या लीगमध्ये खेळला तो निवृत्तीनंतर. आयपीएलची मक्तेदारी टिकावी हा हेतू उघड आहे, आणि कोट्यवधींचा करार असलेल्यांना त्याची झळही बसत नाही.

झळ बसते ती त्यांच्या खालच्या थराला. जालन्याचा विजय झोल आठवा. २०११ मध्ये १९ वर्षांखालच्या कूचबिहार स्पर्धेत आसामविरुद्ध नाबाद ४५१. २०१४ च्या युवा विश्वचषकात भारताचा कर्णधार. आमच्या जिल्ह्यात त्या वर्षी गल्लीगल्लीत त्याचं नाव होतं. अशा चमकलेल्या पोरांतली थोडीच भारताच्या संघापर्यंत किंवा आयपीएलच्या मोठ्या करारापर्यंत जातात. बाकीच्यांना बांगलादेशाची, कॅरेबियनची किंवा कॅनडाची लीग म्हणजे दोन-तीन हंगामांची चांगली कमाई झाली असती. ऑस्ट्रेलियाच्या, इंग्लंडच्या, न्यूझीलंडच्या त्याच दर्जाच्या पोरांना ती मिळते.

भारतीय स्त्रियांना ती वाट २०१६ मध्ये मोकळी झाली. मंडळाने परवानगी दिल्यावर ऑस्ट्रेलियाच्या बिग बॅशमध्ये पहिल्यांदा दोन भारतीय खेळाडू गेल्या. एक हरमनप्रीत कौर. दुसरी सांगलीत वाढलेली स्मृती मानधना, ब्रिस्बेन हीटकडून. २०१८ मध्ये स्मृती इंग्लंडच्या वेस्टर्न स्टॉर्मकडून खेळली आणि त्या स्पर्धेत तिने ४२१ धावा काढल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये सिडनी थंडरकडून नाबाद ११४, बिग बॅशमध्ये भारतीय खेळाडूचं पहिलं शतक. या सगळ्या वर्षांत ती भारताकडूनही खेळत होती. करार आणि देश यांत तिला निवड करावी लागली नाही, आणि त्यामुळे भारतीय संघाचं काही बिघडलं असं कुणी दाखवून दिलेलं नाही.

सांगलीहून रॉटनस्टॉलला गेलेले हजारे आणि सांगलीहून ब्रिस्बेनला गेलेली स्मृती यांच्यात सदुसष्ट-अडुसष्ट वर्षांचं अंतर आहे. दोघांनीही एकच गोष्ट केली: आपल्या खेळाची किंमत दुसऱ्या गावात जाऊन कागदावर लिहून घेतली, आणि तिथे शिकलेलं घेऊन परत भारतासाठी उभे राहिले. मंकडनी १९५२ मध्ये मागितलं होतं तेही याहून जास्त काही नव्हतं. जालन्यातल्या, परभणीतल्या, बीडमधल्या मुलाला हे आजही मागता येत नाही. त्याला ते का मागता येऊ नये, याचं उत्तर मंडळाने अजून दिलेलं नाही.